अक्कलदाढ आणि नकाशेवाला

आमच्या कट्ट्यावर 'अक्कलदाढ' या नावानं लिहिणारी व्यक्ती बाई आहे, हे आम्हाला दोन वर्षं कळलंच नव्हतं. त्या नावामुळे सगळ्यांनी पांढऱ्या दाढीचे, जरा खडूस, निवृत्त गृहस्थ डोळ्यांपुढे आणले होते. कुणी दाढोबा म्हणे, कुणी थेट आजोबा. तिनं कधी दुरुस्ती केली नाही. "आजोबांचं लोक ऐकून तरी घेतात," असं ती मला पुढे म्हणाली.

कट्टा म्हणजे इंटरनेटवरचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी टीव्हीवर 'सातवी चौकी' नावाची मालिका लागायची. माणसांच्या वस्तीच्या पार टोकाला, अंतराळात एक दुरुस्तीचं ठाणं, आणि तिथं थांबणारी यानं दुरुस्त करणारी पाच माणसं. लढाया कमी, वाट बघणंच जास्त. म्हणूनच बहुधा एक्केचाळीस भागांनंतर ती बंद पडली, आणि तीही अर्ध्यावर. शेवटच्या भागात बाहेरून दार वाजतं, कॅप्टनबाई ते उघडतात आणि पडदा काळा होतो. बाहेर कोण होतं, हे आजतागायत कुणाला माहीत नाही. त्या एका प्रश्नापायी आम्ही चाळीसेक माणसं कट्ट्यावर जमलो आणि मग इतर विषयांवरच बोलत बसलो. 'आज चौकीवर काय?' असा एक धागाच होता. कुणाचं वॉशिंग मशीन बिघडलं, कुणाची मुलगी गणितात काठावर पास झाली, सगळं तिथं. मी बेकरीत भट्टीवर असतो. मला पाववाला म्हणतात.

आता ताईबद्दल. कळल्यापासून मी तिला ताईच म्हणतो. ती कवळ्या बनवते. एका दवाखान्याच्या वर दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करते. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. डॉक्टरांकडून तोंडाचा साचा येतो, ती त्यावर मेण चढवते, मेणात एकेक दात बसवते. दातांच्या पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात, आणि तिला त्या नमुन्यांची पट्टी न लावता ओळखू येतात. "माणूस खोटं हसतोय का, ते मला कळत नाही," ती म्हणायची. "पण खोट्या दातांनी हसतोय का, ते बसमधूनही कळतं."

मालिका ती आईबरोबर बघायची. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता. आईला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण चौकीवरचा स्वयंपाकी फार आवडायचा. "अगं, याला कुणीतरी घरी पाठवा. याची आई वाट बघत असेल," असं ती दर भागात एकदा तरी म्हणायची. दुसरं पर्व संपता संपता आई गेली. तिसरं पर्व ताईनं एकटीनं पाहिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी ही मालिका आणखी कुणाला आठवते का, म्हणून शोधता शोधता ती आमच्यापर्यंत आली. तोवर तिनं पन्नाशीत पाऊल टाकलं होतं. लग्न केलं नव्हतं. भाऊ-वहिनी दुसऱ्या गावी, आणि घरात उजवी बाजू लुळी पडलेले वडील. ते एके काळी बस कंडक्टर होते. लेक रोज 'चौकीवर' गप्पा मारते हे ऐकून त्यांनी पहिल्यांदा घाबरून विचारलं होतं, "काय केलंस गं? पोलिसांनी का बोलावलं?"

कट्ट्यावर नकाशेवाला म्हणून एक गृहस्थ होते. भूमापन कार्यालयात त्यांनी तीस वर्षं हातानं नकाशे काढले. बायको वारलेली, मुलगी परदेशात. त्यांनी चौकीचा मजल्यामजल्याचा नकाशा काढला होता, इतका नेमका की आम्ही सगळे हात जोडून मोकळे झालो. फक्त अक्कलदाढनं लिहिलं, 'इंजिनघराचं दार आत उघडतं. तुम्ही बाहेर उघडणारं दाखवलंय. भाग सतरा बघा.' नकाशेवाल्यांनी भाग सतरा पाहिला, नकाशा बदलला आणि खाली लिहिलं, 'तीस वर्षांत साहेबांनाही माझी चूक सापडली नव्हती. तुमच्या तोंडात साखर पडो, पण दात सांभाळून.'

तेव्हापासून त्यांचं जमलं. ती बाई आहे हे पहिल्यांदा ओळखलं तेही त्यांनीच. एकदा त्यांनी तिला खासगी निरोप पाठवला: 'दाढोबा, दोन वर्षांत तुम्ही एकदाही कुठे 'गेलो' नाहीत की कुठून 'आलो' नाहीत. नुसता चहा घेतलात, काम उरकलंत, पुस्तक वाचलंत. एवढं जपून क्रियापद वापरणारा माणूस एक तर भूत असतो, नाहीतर बाई.'

तिनं उत्तर दिलं, 'भूत नाही. आज लवकर घरी आले.'

पुढची चार वर्षं ती दोघं रोज बोलत राहिली. आम्हाला दिसायचं ते कट्ट्यावरचं, बाकीचं ताईनं मला नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, हेच तिला सांगायचं असायचं. त्यांनी बाल्कनीत लावलेली मिरची. तिच्या वडिलांचा व्यायाम. तिच्याकडे आलेला असा एक साचा, ज्याच्यावरून ती म्हणाली की हा माणूस झोपेत दात खातो, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर ते खरं निघालं. ते तिला 'अगं' म्हणू लागले. ती मात्र 'अहो'वरच राहिली.

मग त्यांच्या निरोपांत चुका येऊ लागल्या. वेलांट्या गळायच्या, कधी अख्खा शब्द गळायचा. नेमक्या माणसाच्या चुका चटकन डोळ्यांत भरतात. तिनं विचारलं तेव्हा त्यांनी कळवलं, 'दोन्ही डोळ्यांचा मधला भाग पुसट होत चाललाय. कडेचं दिसतं. समोर बघितलं की जे बघायचं तेच नेमकं जातं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचं, गेलेलं येणार नाही.' आणि खाली: 'चौकी पुन्हा एकदा बघायची राहून गेली. ऐकता येते, पण चौकीवर निम्मं तर न बोलताच घडतं.'

ताईनं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. दुपारी तिनं लिहिलं, 'मी सांगेन तुम्हाला. काय दिसतंय ते.'

रविवारी दुपारी वडिलांना औषध देऊन झालं की ती बैठकीच्या खोलीत मालिकेचा एक भाग लावायची, फोन जवळ ठेवायची आणि संवादांच्या मधल्या जागांत बोलत जायची. पहिलं ध्वनिमुद्रण फार वाईट झालं. घाईनं, वर्गात धडा वाचल्यासारखं. नकाशेवाल्यांनी लगेच कळवलं, 'अगं, कॅप्टन खोलीत आली म्हणालीस. कुठून आली? डावीकडून की उजवीकडून? मी भिंतीला धडकलो ना!' तेव्हापासून ती आधी एकदा भाग बघून टिपणं काढायची. कॅप्टनच्या कोटाची डावी बाही कोपराशी उसवलीय. स्वयंपाक्यानं पाचवी ताटली मांडली आणि हळूच उचलून ठेवली, कारण पाचवा माणूस कालच गेलाय. बोलायचं कमी आणि नेमकं, हे तिला हळूहळू जमलं.

गंमत म्हणजे आतल्या खोलीतून वडीलही ऐकायचे. एका रविवारी आतून आवाज आला, "त्याच्या हातात कप होता, तो नाही सांगितलास!"

"बाबा, तुम्हाला कुठून दिसतोय कप?"

"मागच्या भागात त्यानं घेतला होता. खाली ठेवला म्हणून तू बोलली नाहीस अजून."

ते ध्वनिमुद्रणात तसंच गेलं. नकाशेवाल्यांनी उत्तर पाठवलं, 'कंडक्टरसाहेबांचं बरोबर आहे. कप कुठाय?'

एक्केचाळीस रविवार पुरले नाहीत, वर्ष उलटून गेलं. वडिलांचा ताप, तिचा बसलेला घसा, कधी वीज नाही. शेवटचा भाग आला तेव्हा तिनं तो तीनदा करून पाहिला आणि तीनही वेळा मधेच थांबली. शेवटी पाठवला. 'दार वाजतं. कॅप्टन खुर्चीतून उठते. कोटाची बटणं लावते, सगळी. दारापर्यंत सहा पावलं. हात कडीवर. ती हसत नाही, पण हसण्याच्या आधी चेहरा जसा सैल होतो तसा झालाय. दार उघडलं. उजेड तिच्या तोंडावर आला. काळोख.'

त्या दुपारी त्यांचा फोन आला. तोवर ती दोघं फोनवर कधी बोलली नव्हती.

"पुढे?" ते म्हणाले.

"पुढे काही नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे गं. पण तू एवढं सगळं बघतेस. वाटलं, तुला काहीतरी दिसलं असेल."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी सांगितलं की मुलगी बोलावतेय. एकट्यानं गॅस पेटवणं आता धोक्याचं झालंय. महिन्याभरात ते तिच्याकडे जाणार, कायमचे.

जाण्याआधी ते बहिणीबरोबर ताईच्या गावी आले. बसनं चार तास. परतीची बस तासाभरात होती, म्हणून बसस्थानकाच्या उपाहारगृहातच भेटायचं ठरलं. ताईनं शेजारणीला वडिलांपाशी बसवलं आणि अर्धा तास आधीच जाऊन बसली. त्यांना तिनं लांबूनच ओळखलं. उंच, खांदे पुढे झुकलेले, मान जराशी वाकडी, कडेच्या नजरेनं वाट शोधणारे. त्यांनी तिला ओळखलं ते तिनं "इकडे" म्हटल्यावर. बहीण शहाणी होती. "मी जरा तिकिटाचं बघून येते," म्हणाली आणि बराच वेळ आली नाही.

"सांग," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "कुठे बसलोय मी?"

तिनं सांगितलं. हिरवी टेबलं, एकाचा पाय छोटा म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. काउंटरवरचा माणूस पेपर वाचतोय, पण पान उलटत नाही. खिडकीत पंखा, एक पातं वाकलेलं.

"आणि माझ्यासमोर कोण आहे?"

ताईनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "पन्नाशी उलटलेली बाई," ती म्हणाली. "चष्मा आहे. नखांत प्लास्टर अडकलंय. बस, इतकंच."

"इतकंच? कॅप्टनच्या कोटाला तू चार मिनिटं दिली होतीस."

ती हसली आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. त्यांनी वाट पाहिली. टेबलावर हात ठेवला होता, तो तिथंच राहू दिला. तिनंही आपला हात त्याच्या शेजारी ठेवला, मध्ये कपभर जागा सोडून.

तिला म्हणायचं होतं, जाऊ नका. माझ्या घरात खोल्या दोनच आहेत, पण गॅस मी पेटवेन. हे वाक्य तिनं बसस्थानकावर येताना चारदा मनात घोळवलं होतं. तोंडून निघालं ते असं: "तिकडे थंडी फार असते म्हणे. मोजे जास्त घ्या."

"घेतो," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

"नाही. आणखी काही नाही."

बस लागली. खिडकीत बसल्यावर त्यांनी हात हलवला, पण भलत्याच दिशेला. ताई चटकन सरकून त्या दिशेला जाऊन उभी राहिली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. ती उठायची तेव्हा तिकडे झोपायची वेळ. निरोप रोजचे आठवड्याचे झाले. तिकडच्या टीव्हीवर दृश्यं सांगणारी बाई असते म्हणे, सगळ्या कार्यक्रमांना. त्यांनी कळवलं, 'छान बोलते. पण घाई करते. आणि माझ्या धडकण्याचं तिला काही नाही.' कट्ट्यावर ताई पूर्वीसारखीच लिहायची, मिरच्यांचा विषय निघाला की मात्र गप्प व्हायची.

दोन वर्षांनी वडील गेले. ताईनं 'आज चौकीवर काय?' मध्ये एकच ओळ लिहिली, 'कंडक्टरसाहेब उतरले.' आम्ही नऊ-दहा जण, एकमेकांना कधी न पाहिलेले, तिला फोन करत राहिलो. मी पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला. नकाशेवाल्यांचाही फोन आला. अर्धा तास चालू होता, पण बोलणं दोन मिनिटांचंही नव्हतं, असं ती म्हणाली.

रविवारच्या दुपारी आता मोकळ्या झाल्या. ती बैठकीच्या खोलीत बसायची आणि आतून कुणी चूक काढायचं नाही. मला तिनं एकदा विचारलं, "पाववाल्या, माणसाला न पाहिलेल्या घराची आठवण येते का रे?"

मी म्हटलं, "ताई, मला तर न खाल्लेल्या पावाचीही येते." मग माझ्याच विनोदाची मला लाज वाटली. "विचार त्यांना, येऊ का म्हणून," मी म्हणालो.

"आणि नको म्हणाले तर?"

"तर कळेल तरी."

तिनं विचारायला तीन महिने लावले. उत्तर त्यांच्या आधी मुलीचं आलं. 'मावशी, बाबा तुमच्याबद्दल इतकं बोलतात की माझ्या मुलांना तुम्ही नात्यातल्याच वाटता. नक्की या.' त्यांचं आलं दोन दिवसांनी, आवाजात: "उशीर केलास. पण ये."

परवा ती मालकांकडे तीन आठवड्यांची रजा मागायला गेली. अठ्ठावीस वर्षांत तिनं सलग चार दिवसांपेक्षा जास्त रजा घेतली नव्हती. मालकांनी चष्मा वर केला. "कुणाचं लग्न आहे का?"

"नाही."

"कुणी आजारी?"

"नाही. एकांना भेटायचंय."

मालकांनी मान डोलावली, आणि "आधी त्या सहा कवळ्या संपव," एवढंच म्हणाले. वहिनीनं मात्र फोनवर, या वयात हे काय, असं विचारलं. ताईनं तिला बॅगेत मोजे किती ठेवावेत, ते विचारलं.

व्हिसाचा अर्ज तिनं भरून ठेवलाय. नाव, जन्मतारीख, व्यवसाय: दंततंत्रज्ञ. ज्यांच्याकडे जाणार त्यांच्याशी नातं काय, हा रकाना मात्र कोराच आहे. मला तिनं तीनदा विचारलं, तिथं काय लिहू. मी 'मित्र' सुचवलं. ती म्हणाली, "तो शब्द बसतो, पण छटा जुळत नाही." मंगळवारी सकाळी दहाला तिला व्हिसा कार्यालयात हजर राहायचंय.