मामाच्या हाळीला उत्तर कोणी दिलं?

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. मानणार कसा? मी दिंडोरीच्या शाळेत होतो तेव्हा आमच्या गल्लीत लोकांना जे काही भुताचे अनुभव आले, त्यातले निम्मे मीच दिलेले होते... पोरगं रडल्याचा आवाज, म्हातारीचं खोकणं, बंद दुकानातून मांजर. ऑर्डर द्या, माल तयार! गॅदरिंगला हेडमास्तरांची नक्कल हेडमास्तरांसमोरच केली होती. त्यासाठी बक्षीसही मिळालं आणि मारही. आता नाशिकला द्वारकेवर मोबाईल कव्हरच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाईक नसलं की बसचा कंडक्टर, पंचवटीतली कोथिंबीरवाली मावशी, फोनमधली ती "कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे" वाली ताई — सगळं चालू असतं. मुद्दा काय, तर आवाजाच्या बाबतीत मला कोणी गंडवू शकत नाही. म्हणून तर हे लिहायला बसलोय.

सागर माझा शाळेपासूनचा दोस्त. वायनरीत कामाला, पण डोकं कायम पाण्यात. त्याच्या मामाचं गाव दिंडोरीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एका धरणाच्या काठावर आहे. धरणाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिकडे मिसळ बांधून गाड्या निघतील. तर या धरणात "म्हातारा" राहतो, असं तिकडचे मच्छीमार सांगतात. दिसते ती फक्त पाठ. पालथ्या होडीसारखी, काळी, वर येते आणि जाते. धरण व्हायच्या आधी तो नदीच्या डोहात होता म्हणे. मी म्हणायचो, धरणात सगळ्यांच्या जमिनी गेल्या, एकट्या म्हाताऱ्याला तेवढं घर वाढवून मिळालं!

सागरने ग्रुप काढला, "म्हातारा शोध पथक". सुरुवातीला बरीच पोरं होती. उन्हात बसून दुर्बिणीतून बगळे बघायचे म्हटल्यावर एकेक गळाला. उरलो दोघं. सागरचा ध्यास खरा होता. लहानपणी आईसोबत मामाकडे आला असताना त्याने ती पाठ पाहिली होती, आणि घरात कोणी विश्वास ठेवला नव्हता. माझं आपलं मामीच्या हातच्या कालवणासाठी. मामा सागरचा, पण दोस्ताचा मामा म्हणजे आपलाही मामा.

मे महिन्यात पाणी तळाला गेलं की पलीकडच्या कड्याखालचा खोल डोह तेवढा भरलेला राहतो. म्हातारा असला तर तिथेच. सागरने ऑनलाइन फिश फाइंडर मागवला. पाण्यात सोडला की खाली किती खोल आहे, मासे आहेत का, ते स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. सुट्टी काढली. मामाची पत्र्याची होडी होती. फक्त मामा तयार पाहिजे होता.

आणि तिथेच अडलं.

त्या धरणावर एक रीत आहे. सकाळी पाण्यावर जायच्या आधी मच्छीमार काठावर उभा राहतो आणि कड्याकडे तोंड करून हाळी देतो — "होऽऽ... हाय काऽऽ?" समोरचा कडा उभा आहे, त्यामुळे आवाज आपटून परत येतो, "...हाय काऽऽ". आला की होडी सोडायची. अर्ध्यावर गेल्यावर पुन्हा एकदा हाळी. तेव्हाही यायला पाहिजे. नाही आला तर तिथूनच मागे फिरायचं.

"आणि सकाळी नाही आला तर?" मी विचारलं.

"तर घरी जाऊन च्या प्यायचा," मामा म्हणाला. "म्हातारा ऐकत असला ना, आवाज माघारी येत नाय. त्याच्यापाशीच ऱ्हातो."

आम्ही गेलो त्या सकाळी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामाने खरोखर चहा प्यायला. सागर कड्याकडे बघत बसलेला, तोंड एवढंसं.

"ओम्या," संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्याचा सुट्टीचा शेवटचा दिवस रे. आता पाऊस लागला की पाणी गढूळ, मग पुढच्या वर्षीच."

"मग?"

"तू मामाचा आवाज काढतोस ना?"

"तुझ्या मामाचा काय, मामीचा पण काढतो."

"कड्यावर जाऊन बस. मामाने हाळी दिली की तू परत दे."

मला तर आयडिया जाम आवडली. अख्ख्या आयुष्यात एको व्हायचा चान्स कोणाला मिळतो?

पहाटे मामाच्या हाळीची प्रॅक्टिस केली. आवाज लांबून आल्यासारखा वाटावा म्हणून शेवटचा "का" जरा बारीक करून वर खेचायचा, असं ठरवलं. ही माझी स्वतःची कलाकुसर, हे लक्षात ठेवा. खरा एको तसा नव्हता. मागच्या फेऱ्यांत मी ऐकला होता, तो जड यायचा. उजाडता उजाडता बाईक घेऊन वळसा मारून कड्यावर पोचलो आणि एका खडकामागे बसलो. खाली डोह. पाणी एकदम गप्प, वारा नाही. समोरच्या काठावर मामा आणि सागर बोटाएवढे दिसत होते.

मामाची हाळी आली. "होऽऽ... हाय काऽऽ?"

थांबलो. मामा अजून कान देऊन उभा, म्हणजे खरा एको आला नव्हता. मग मी तोंडापुढे हात धरून दिली — "...हाय काऽऽ". फर्स्ट क्लास! मामाने होडी ढकलली, सागरने त्याच्या पाठीमागून मला गुपचूप हात वर करून दाखवला.

मी हसत होतो. तेवढ्यात खालून, बरोबर माझ्या पायाखालच्या पाण्यातून आवाज आला...

"हाय."

एवढंच. हळू. मामाच्या आवाजात.

आता लॉजिक बघा. एको प्रश्नाचा प्रश्नच परत करतो, उत्तर देत नाही. मी खडकाला धरून खाली वाकलो. वाटलं कोणी मासे पकडणारा बसला असेल. कड्याला खाली उभं राहायलासुद्धा जागा नाही. फक्त पाणी होतं, आणि त्या पाण्यावर एक रेघ उमटली. नांगराच्या फाळाने ओढावी तशी. ती सरळ होडीच्या दिशेने निघाली.

सागरला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राबाहेर. त्या ताईची नक्कल करून मी किती जणांना छळलंय, पण त्या दिवशी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन खिशात कोंबला.

"साग्याऽऽ! मागे फिराऽऽ!" बेंबीच्या देठापासून ओरडलो. माझा मलाच आवाज नीट येईना. उशीत तोंड घालून बोलल्यासारखा. होडीत कोणी मान वळवली नाही. शर्ट काढून हलवला. सागरला दिसला, तर त्यानेही हात हलवला. त्याला वाटलं असणार, ओम्याचं काहीतरी चालू आहे...

मग आठवलं, अर्ध्यावर मामा पुन्हा विचारणार. मी गप्प बसलो की ते माघारी फिरतील! ओरडायची गरजच नाही. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हसू नका, खरंच धरलं. चुकून आवाज निघाला तर दोघं मरतील, एवढंच डोक्यात होतं.

अर्ध्यावर मामा उभा राहिला. "होऽऽ... हाय काऽऽ?"

मी गप्प.

आणि उत्तर आलं. "...हाय काऽऽ". शेवटचा "का" बारीक, वर खेचलेला. माझा. माझी कलाकुसर, जशीच्या तशी. आणि माझं तोंड माझ्याच हातांखाली बंद होतं.

मामा बसला. वल्हं मारलं. होडी डोहाकडे यायला लागली.

ती रेघ होडीपाशी पोचली आणि दिसेनाशी झाली. होडीच्या भोवतीचं पाणी तव्यासारखं सपाट झालं. मी बघतोय, मामाने वल्हं पाण्यात घातलं आणि लगेच वर काढलं. मांडीवर ठेवलं. सागर हातातल्या स्क्रीनकडे बघत होता, त्याने ती हळूच पालथी ठेवली. दोघं नुसते बसले. आणि होडी वळली. कोणी वल्हवत नव्हतं. जागेवर फिरली, तोंड गावाकडे केलं आणि निघाली. कोणीतरी दावं धरून म्हैस घरी न्यावी, तशी सावकाश.

मी बाईक कशी चालवली आठवत नाही. पोचलो तेव्हा होडी चिखलात रुतलेली, मामा काठावर तोंड धूत होता. सागर उकिडवा बसलेला, दात वाजत होते. मे महिन्यात.

"काय झालं रे?"

"यंत्र खोल दाखवत होतं, ओम्या," सागर म्हणाला. "खूप खोल. मग तळच वर यायला लागला. वर... वर... पार होडीला येऊन लागला."

"अन् वल्हं टेकलं," मामा म्हणाला. "चिखुल नव्हता. दगुड बी नव्हता."

"मग काय होतं?"

मामाने तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं. "हाळीला तू आवाज दिला ना? सागऱ्यानं सांगितलं मला."

"पहिल्यांदा दिला, मामा. दुसऱ्यांदा नाही. आईशप्पथ!"

शिव्या बसतील असं वाटलं होतं. शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं. मामा होडीचा दोर खुंटीला बांधायला लागला. मी "हाय" ऐकल्याचं सांगितलं तेव्हा तो चिखलातच खाली बसला.

सागरने म्हातारा हा विषय काढणं बंद केलं. फिश फाइंडर त्याच्या खोलीत पलंगाखाली पडलाय, मी विचारलं तर म्हणतो, "तुला पाहिजे तर ने."

आमच्या दुकानात एक सायन्सचे सर येतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, पाण्यावर गार हवा, वर गरम हवा असली की आवाज वाकतो, कधी लांबचं ऐकू येतं, कधी जवळचं येत नाही. एको काही दिवशी येणार नाही, साधी गोष्ट आहे. मला पटलं. अगदी शंभर टक्के.

पण मागच्या महिन्यात मामाकडे गेलो होतो. वारा एवढा की टोपी डोक्यावर राहीना, समोर धुकं, कडा दिसत नव्हता. मामा म्हणाला, "ऐक." आणि हाळी दिली.

उत्तर लगेच आलं. "का" बारीक, वर खेचलेला.

"तवापासून रोज येतंय," मामा म्हणाला. "एक दिवस चुकला नाय. आता तो जागा हाय का झोपेल, कळायचं कसं? सगळ्यांनी हाळी द्यायचीच सोडली."

सरांच्या विज्ञानात आवाज न येण्याचं कारण सापडलं होतं. रोज येण्याचं सापडत नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. कोणी कड्यावर बसून गंमत करतंय म्हणावं, तर ती गंमत करणारा त्या भागात मी एकटाच होतो.

"मग जायचं का नाही, हे ठरवता कसं?" मी विचारलं.

"नाय ठरवत," मामा म्हणाला. "जाळं टाकेल हाय, काढाया तर जावं लागंल ना." आणि होडी धुक्यात ढकलली.

मी त्या दिवशी मामा परत येईपर्यंत काठावरून हललो नाही. मामी दोनदा दारातून विचारून गेली, च्या ठेवू का. मी मान हलवली. तोंडातून आवाज काढला नाही.