आर्व्हिला टोस्ट्रूडने उलटं केलेलं जॅकेट

आर्व्हिला टोस्ट्रूडने आमच्या हॅलक क्रीकच्या शाळेची बस बत्तीस वर्षं चालवली. बाई उंचीला बेताची, खांद्याला रुंद आणि तोंडाची फटकळ. दर ऑक्टोबरात आठ दिवसांची रजा टाकायची आणि नणंद डेल्फाला घेऊन एल्कच्या शिकारीला डोंगरात जायची. हौस म्हणून नव्हे. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. एक पडलं की दोन घरांच्या वर्षभराच्या मटणाची सोय व्हायची. आयडाहोत आमच्याकडे गाडीरस्ता संपतो, तिथून पुढे दोन दिवस चालायचं, सगळं बिऱ्हाड पाठीवर. उतरताना मांसही पाठीवरच. आर्व्हिलाचा नवरा होता तेव्हा तिघं जायची. तो गेल्यावर गावाला वाटलं, आता या बायका घरी बसतील. त्या काही बसल्या नाहीत.

ही हकिगत मला सांगणं भागच आहे. ग्रोव्हर योस्टच्या दुकानात कपड्यांच्या बाजूला मी असते, आणि ते जॅकेट तिला मीच विकलं.

त्या वर्षी उंदरांनी तिच्या पेटीत घर केलं होतं. लोकरीची विजार, जुना रेनकोट, सगळ्याची चाळण झालेली. सप्टेंबरात ती दुकानात आली ती काय हवं ते ठरवूनच. अंगाला लागून पातळ लोकर, त्यावर जाड लोकर, थांबल्यावर चढवायला पिसांचं जॅकेट, आणि सगळ्यावर पाणी अडवणारं काहीतरी. "सुती चिंधीसुद्धा दाखवू नकोस," ती म्हणाली, "सुती घालून वर गेलेला माणूस खाली आडवा येतो."

नेमका त्याच दिवशी एका मोठ्या कंपनीचा माणूस आम्हाला माल समजावायला आला होता. नाव ट्रेव्हिन. दाढी कोरलेली, बुटाला मातीचा कण नाही. तो आमच्यामध्ये घुसलाच.

"काकू, तुम्ही फार विचार करताय. आमचा हा अख्खा संच घ्या. सात थर, एकमेकांशी जुळणारे. डोकं चालवायचं कामच नाही."

"मग डोकं काय टोपी ठेवायला आणलंय मी?"

तो हसला. तिने बायकांची विजार हातात घेऊन चाचपली. मांडीवर खिसा नव्हता.

"सुरी कुठे ठेवू? केसात खोवू?"

"खिशाने मांडी जाड दिसते म्हणतात बायका."

"एल्कला काय माझ्या मांडीचं?"

विजार तिने परत फेकली आणि पुरुषांच्या ढिगातली घेतली. पाणी अडवणाऱ्या जॅकेटचं मात्र तसं जमेना. पुरुषांचं खांद्याला बसे ते ढुंगणाशी अडकायचं, ढुंगणाशी बसे त्याच्या बाह्या लोंबायच्या. बायकांचं अंगाला बरोबर बसलं. ते फिरवून फिरवून बघत तिने विचारलं, "दोन्हींचं नाव एक, किंमत एक. शिवणही एकच ना?"

"अगदी एकच," ट्रेव्हिन म्हणाला, "फक्त बेतणी बायकांच्या अंगाची."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला ठाऊक होतं म्हणून नव्हे. तो म्हणाला म्हणून. चार दिवसांनी डेल्फानेही तेच जॅकेट नेलं.

वरती चौथ्या दिवशी सकाळी डेल्फाने मादी एल्क पाडली. मांस सोडवून होईतो पाऊस सुरू झाला, त्यात बर्फ मिसळलेलं. दोघींनी एकेक मागचा पाय सॅकला बांधला आणि मुक्कामाच्या तळाकडे निघाल्या. दुपारपर्यंत आर्व्हिलाच्या लक्षात आलं की आपल्या खांद्यांतून पाणी आत उतरतंय. सॅकचे पट्टे दाबतात बरोबर तिथून. तिच्या अंगात अजून धग होती. डेल्फा मात्र काठीसारखी बाई. ती मागे पडायला लागली, मग अडखळायला लागली. आर्व्हिला थांबली तेव्हा डेल्फा बोबड्या जिभेने म्हणाली, "बस सुटली का गं?"

"कुठली बस?"

"पोरं थांबलीयेत."

तिचं कुडकुडणं थांबलं होतं. थंडीने काकडणारा माणूस काकडायचा थांबला की घाबरायचं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही कळतं. अडीनडीला म्हणून ताडपत्री, स्टोव्ह आणि एक स्लीपिंग बॅग आर्व्हिलाच्या सॅकमध्ये कायम असायची. तिने एका दाट फरच्या झाडाखाली ताडपत्री ताणली आणि डेल्फाचे सगळे ओले कपडे उतरवले. रबरी पिशवीत कोरडा राखलेला स्वतःचा लोकरीचा सदरा तिला घातला, त्यावर पिसांचं जॅकेट, आणि तिला स्लीपिंग बॅगमध्ये कोंबलं. स्टोव्हवर पाणी तापवून बाटल्या भरल्या आणि तिच्या काखांत दिल्या. गिळता यायला लागलं तसं गरम साखरपाणी घोटघोट पाजलं. तासाभराने डेल्फाचे दात पुन्हा वाजायला लागले. "असा गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता," आर्व्हिला मला नंतर म्हणाली.

दोघी जिवंत उतरल्या. उरलेल्या मांसाला परत जाईपर्यंत अस्वलाने निम्मं लंपास केलं होतं.

आठवडा गेला. एका दुपारी आर्व्हिला दुकानात आली ती ओरडत नाही, काही नाही. मला भीती वाटली ती त्याचीच.

"पुरुषांचं तेच जॅकेट काढ," ती म्हणाली, "आणि उलटं कर."

मी केलं. तिने स्वतःचं शेजारी उलटं पसरलं. पाणी अडवणाऱ्या कपड्याच्या प्रत्येक शिवणीवर आतून चिकटपट्टी बसवतात, नाहीतर सुईच्या भोकांतून पाणी शिरतं. पुरुषांच्या जॅकेटला सगळीकडे पट्टी होती. बायकांच्या जॅकेटला टोपीवर होती, छातीवर होती. खांद्यावर नव्हती. ते झाकायला वरून नक्षीची घडी शिवली होती.

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. किती जणींना विकली होती मी!

आर्व्हिलाने कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं, की जॅकेट चुकीच्या साबणाने धुतलं असावं. धुतलंच नव्हतं! मग मी फोन लावला, तर ट्रेव्हिन सहज बोलून गेला, "अहो, बायका साधारण हलकं ओझं घेतात. खांद्याला पट्टीची गरज नाही, असं ठरलं होतं आमच्याकडे."

म्हणजे ठाऊक होतं. ठरवून केलं होतं, आणि पैसे पूर्ण घेतले होते.

एप्रिलात ग्रोव्हरने दुकानाच्या अंगणात नव्या मालाचं प्रदर्शन ठेवलं. चाळीसेक माणसं आली. ट्रेव्हिन ओट्यावर उभा राहून सात थर उलगडत होता. आर्व्हिला घोड्याच्या खुराकाची दोन पोती घेऊन आली, दोन सॅकमध्ये भरलेली, आणि बागेची पाण्याची नळी.

ग्रोव्हर धावला. "अगं आर्व्हिला, गिऱ्हाइकांसमोर नको!"

"मग मी कोण, पाव्हणी?" तिने डेल्फाचं जॅकेट ट्रेव्हिनसमोर धरलं. "घाला. पंधरा मिनिटं पाण्याखाली."

"हे माझ्या मापाचं नाही, काकू."

"माझ्या नणंदेच्या मापाचं होतं. तरी ती मरायला टेकली."

ट्रेव्हिन घड्याळाकडे बघू लागला. आणि मला काय झालं कोण जाणे, मी गल्ल्यामागून बाहेर आले, ते जॅकेट घातलं आणि पोतं पाठीवर घेतलं. पुरुषांचं जॅकेट आर्व्हिलाने चढवलं, बाह्या दुमडून, आणि दुसरं पोतं पाठीवर घेतलं. नळी कुणीतरी धरली. एप्रिलचं पाणी, वितळलेलं बर्फच ते. सहा मिनिटांत माझ्या खांद्यांवर गार बोटं फिरल्यासारखं झालं. पंधरा मिनिटांनी मी जॅकेट काढलं तर सदरा कमरेपर्यंत चिंब. आर्व्हिलाने तिचं काढलं. सदरा कोरडा.

"शिवण एकच आहे म्हणाला होतात," ती ट्रेव्हिनला म्हणाली, "माझ्या तोंडावर."

"ती धोरणाची बाब आहे—"

"धोरण? बाई ओझं उचलत नाही, हे धोरण? तिशीपासून मी अर्धा अर्धा एल्क खाली आणलाय. माझं बाळंतपण झालं त्याच्या पुढच्या वर्षीसुद्धा! तुम्ही आयुष्यात काय उचललंत? ती हातातली वही?"

लोक हसले, पण ती हसत नव्हती.

ग्रोव्हर मनाचा वाईट नाही. त्याने ती सगळी जॅकेटं खोक्यात भरून परत पाठवली, आणि मी यादी काढून गावातल्या अकरा जणींना फोन केले. नऊ जणी जॅकेट परत करायला आल्या. दोघी म्हणाल्या, आम्ही घराजवळच फिरतो, चालतंय. कंपनीने आमच्या दुकानाला माल देणं बंद केलं.

पुढच्या वर्षीचा त्यांचा कॅटलॉग मात्र टपालाने आला. बायकांच्या जॅकेटच्या खांद्यावर पट्टी होती. खाली लिहिलं होतं: 'बायकांनी सांगितलं, आम्ही ऐकलं.' किंमत वाढवली होती. माफीचा शब्द नाही, जुनी जॅकेटं घालून डोंगरात फिरणाऱ्या बायकांना सावध करणारी एक ओळ नाही.

मी तो आर्व्हिलाच्या घरी नेला. डेल्फाही बसली होती. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं अजून बधिर आहेत. कपाचा कान तिला नीट धरता येत नाही.

"ऐकलं म्हणे!" आर्व्हिला म्हणाली. "कधी ऐकलं? कुणाचं ऐकलं?"

"जाऊ दे गं," डेल्फा म्हणाली, "निदान पुढच्या बाईला पट्टी मिळाली."

"का म्हणून जाऊ दे? मिळाली म्हणून हात जोडू? पैसे घेतले होते त्यांनी!"

आर्व्हिलाने कागद-पेन काढलं आणि कंपनीला पुन्हा पत्र लिहायला बसली. हे तिचं पाचवं. "विनी," ती मला म्हणाली, "या वेळी सहीला तूही ये. विकणारीची सही पाहिजे." मी खुर्ची ओढली.