रिपोर्ट नॉर्मल आहे

कसब्यातल्या कमरजहांबाई सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात पंचवीस वर्षं पोरांच्या डोक्याला तारा चिकटवत होत्या. डोक्यातली वीज मोजणारं यंत्र ते, ईईजी म्हणतात त्याला. लेखण्या खरखरत, कागद पुढे सरकत राही. पोर थुंको नाहीतर चावो, बाईंचा हात कधी चुकला नाही. जीभ मात्र एकदा चुकली, आणि चुकली ती चुकलीच.

शहाऐंशी सालची गोष्ट. खडकवासल्याकडची मुक्ताबाई आठ वर्षांच्या आनंदीला घेऊन आली. पोर बोलत नव्हती, मनगटं चावून रक्त काढायची. सोबत मुक्ताबाईचे थोरले दीर जयसिंगराव. त्यांनी घरीच बजावलं होतं, "मशिनीत आजार निघाला तर औषध. न्हाई तर थेरं उतरवायला मठात नेऊन बांधतो." हे कमरजहांबाईंना कुठून ठाऊक असणार?

यंत्र चालूच होतं; तासभर किंचाळून पोर थकून झोपली, कागद निघाला. मुक्ताबाईच्या तोंडाकडे बघवेना म्हणून बाई बोलून गेल्या, "अहो, काळजी नका करू. सगळं नॉर्मल दिसतंय."

सांगायचं काम डॉक्टरांचं. ते म्हणाले असते, यात फार तर फिट दिसते. मनाचा आजार पुष्कळदा दिसतच नाही, औषध तरीही लागतं. पण जयसिंगराव टोपी नीट करून उठलेसुद्धा. "नॉर्मल म्हंजी काय झालेलं न्हाई ना? मग डाक्टर कशाला? थेरं हायेत नुसती!" पोरीला खांद्यावर टाकून चालते झाले. कमरजहांबाई जिन्यापर्यंत हाका मारत गेल्या. ऐकतोय कोण!

पाच महिन्यांनी मुक्ताबाई एकटीच आली.

"पोरीला आणा," कमरजहांबाई घाईघाईनं म्हणाल्या, "डॉक्टरांशी मी बोलते."

"कुठनं आणू, बाई? मठात तापानं गेली. मला तोंडबी दावलं न्हाई." मुक्ताबाई रडत नव्हती. "फोटू न्हाई तिचा एकबी. त्यो कागद तेवढा द्या."

माझ्या जिभेनं मारलं पोरीला, असं कमरजहांबाईंना त्या क्षणी वाटलं आणि पुढे जन्मभर वाटत राहिलं. दवाखान्याचा कागद बाहेर द्यायचा नाही, असा नियम होता. खड्ड्यात गेला नियम! त्यांनी कपाटातून गठ्ठा काढून पुढ्यात ठेवला. मुक्ताबाई कितीतरी वेळ रेघांवरून बोट फिरवत राहिली.

"यात ती रडती कुठं, बाई?"

कमरजहांबाईंनी पानं उलटली. पोर रडली की कपाळाचे स्नायू आवळतात, लेखण्या सैरभैर होतात, रेघा एकमेकींत घुसून कागद काळा होतो. डॉक्टर तो भाग वाचत नाहीत, सोडून देतात.

"हे इथं," त्या म्हणाल्या.

मुक्ताबाईनं तेवढंच पान मागून घेतलं.