डाव्या दारावरची थाप

शरणाप्पामामा खाटेवर पडल्या पडल्या गाडी सुरू करायचे, पण आधी पाया पडून. गाडी म्हणजे तळहाताएवढ्या पडद्यावरची लाल रेसची गाडी. हातातल्या त्या खेळाच्या यंत्राला ते बोटं लावत, बोटं कपाळाला टेकवत आणि म्हणत, "चल बाई." तोवर पडद्यावरच्या बाकीच्या गाड्या दिसेनाशा झालेल्या असत.

ते यंत्र त्यांच्याकडं गेलं माझ्या अकलेमुळं. उमरग्यात हायवेला लागून माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पोरांना खेळायला भाड्यानं द्यावीत म्हणून मी सोलापुरातून असली जुनी यंत्रं पिशवी भरून आणली. पोरांच्या खिशात आता मोबाइल असतात, ही गोष्ट मोबाइलवरच पोट असलेल्या माझ्या डोक्यात आली नाही. पोरं यंत्र उलटंपालटं करत, "काका, ह्यात सिम कुठं घालायचं?" विचारत आणि परत ठेवत. शेवटी त्यातलं एक मी शेजारच्या मामांना नेऊन दिलं. मामा ट्रक ड्रायव्हर. हैदराबादच्या वाटेवर अपघात झाला आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून एक खाट, एक खिडकी आणि खिडकीतून ऐकू येणारा हायवे.

"दुकान बुडालं म्हणून माल माज्या गळ्यात घालता व्हय, शेठ?" मामा म्हणाले. त्या दिवसापासून मी शेठ झालो.

खेळ तसा सोपा. रस्त्यावर ठरावीक अंतरावर कमानी. वेळेत कमानीखालून गेलं की वेळ वाढवून मिळतो, नाही गेलं की गाडी जागेवर थांबते, खेळ खलास. मामा पहिल्या कमानीपर्यंतसुद्धा कधी पोचले नाहीत. वळणावर ते गाडी हळू करत, मागच्याला साइड देत.

"मामा, ब्रेक सोडा! टाइम संपतोय!"

"संपू दे. गाडीला खरचटलंय का? न्हाय ना? मग काय वरडताव?"

एकदा म्हणाले, "बिगर क्लीनरची गाडी हाय ही, म्हणून जमंना. या, डावीकडं बसा." क्लीनरनं दारावर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. माझं दार म्हणजे खाटेची लोखंडी पट्टी. पहिल्याच दिवशी समोर आडवा ट्रक आला आणि मी घाईत दणादण दोन थापा हाणल्या. मामांनी माझ्यावर भरवसा ठेवून गाडी सोडली, ती थेट ट्रकवर. मी खो खो हसलो. मामांनी यंत्र छातीवर पालथं ठेवलं.

"मारुतीनं एकच मारली हुती," ते भिंतीकडं बघत म्हणाले. मारुती त्यांचा हयातभराचा क्लीनर. "आडत्याचे फोनवर फोन चालले हुते, माल कवा पोचतोय म्हणून. मारुतीनं थाप मारली. म्या ऐकली. ऐकून बी गाडी दाबली. वाटलं, निघतंय की." मग यंत्रावर हात ठेवून, "डावी बाजू पयली गेली. मारुतीची."

मी विचारलं, "मामा, चहा सांगू का?"

"सांगा. तेवढं तरी नीट जमंल तुमास्नी."

चहा पिताना त्यांनी मनातलं सांगितलं. एक डाव ही गाडी शेवटच्या कमानीपर्यंत न्यायची. प्रत्येक थाप ऐकत, एकसुद्धा ओरखडा न पडू देता. अडचण एकच, पडद्यावर वर उलटा पळणारा वेळ. तो बंद करायची सोय सरावाच्या खेळात असणार म्हणून मी बटणं दाबत सुटलो आणि आधी सगळा खेळ जपानी भाषेत करून ठेवला. "शेठ, ही गाडी कंच्या मुलखातनं चाललीय? पाट्या कानडी बी न्हायत," मामा म्हणायचे. शेवटी वेळ बंद झाला. जपानी मात्र तशीच राहिली.

मग रोज दुपारी आम्ही निघायचो. समुद्राचा किनारा, बोगदा, पुढं बर्फाचा घाट. कुठंतरी गाडी घासायचीच. लगेच मामा खेळ बंद करत. "माल फुटला. परत भरा." ते पुढं पुढं जात होते, आणि पडून पडून पाठीला झालेली जखमही. मामी दिवसातून कितीदा तरी कूस बदलून द्यायच्या, तरी खाटेनं अंग खाल्लंच. ताप उतरेना. डॉक्टरांनी मामींना बाहेर बोलावून सांगितलं, विष रक्तात गेलंय.

एका दुपारी मामांची बोटं बटणावर ठरेनात. त्यांनी यंत्र माझ्याकडं सरकवलं. "आज तुमी स्टेअरिंगला. म्या डावीकडं."

"मामा, लायसन्सच्या परीक्षेत मी साहेबांच्या खुर्चीवर गाडी घातली होती. साहेब उठले म्हणून वाचले."

"म्हणून तर. तुमी थाप ऐकताल. ज्याला येतंय, त्यो ऐकत न्हाय."

मी यंत्राच्या पाया पडलो. पट्टीवर दोन थापा पडल्या आणि निघालो. एक थाप, थांबलो. दोन, निघालो. किनारा गेला, बोगदा गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी निमूट ऐकत होतो. बर्फाच्या घाटात मामांच्या थापा हलक्या पडायला लागल्या, म्हणून मी कान पट्टीजवळ नेला. घाट उतरलो. समोर शेवटची कमान दिसली. सरळ रस्ता, पुढं चिटपाखरू नाही.

पट्टीवर एक थाप पडली.

"मामा, रस्ता मोकळा आहे."

अंगठा शिवशिवत होता. पण मी गाडी थांबवली, डाव्या कडेला घेतली आणि दोन थापांची वाट बघत बसलो. बाकीच्या गाड्या बाजूनं सुसाट जात राहिल्या. मामी औषध घेऊन आत आल्या, मामांकडं बघून दारातच थबकल्या. मग पुढं होऊन त्यांनी पट्टीवरचा तो हात उचलून मामांच्या छातीवर ठेवला आणि त्यांचे डोळे मिटले.

गाडीला कुठंही खरचटलं नव्हतं.