कैची लागली की माल गिऱ्हाइकाचा

वैनगंगेवरचा वारा पवनीच्या बाजारात येतो, रत्नमालाच्या दुकानात शिरतो आणि टांगलेली चार कवचं हलवतो. लांबून वाटतं, बिनडोक्याची धिप्पाड माणसं डुलत आहेत. हॉकीच्या गोलकीपरनं छातीवर बांधायची ही कवचं. एका व्यावसायिक संघासाठी ती मापानं शिवणारी बाई आमच्या जिल्ह्यात दुसरी नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

आधी ती शाळेचे गणवेश शिवायची. आसगावचा प्रफुल्ल नागपुरात त्या संघाचं सामान सांभाळायला लागला. एकदा त्यानं फाटलेलं कवच तिच्याकडून दुरुस्त करून नेलं. टाका पाहून संघानं कामच दिलं. भाव चांगला होता. रत्नमालानं जाड कापडाची मशीन घेतली. फोम अख्खा गठ्ठा आणावा लागला, व्यापारी कमी देईना.

आमच्याकडे शिवणकामाचा एक जुना कायदा आहे. कैची लागली की माल गिऱ्हाइकाचा. लग्न मोडलं तरी नवरीचं पोलकं न्यावंच लागतं. हे कोणी लिहून घेत नाही. तिनंही घेतलं नाही.

मग खेळाडूंचा लिलाव झाला आणि ज्याच्या मापानं तिनं चार कवचं शिवली होती, तो गोलकीपर दुसऱ्या संघानं उचलला. प्रफुल्लचा फोन आला.

“मावशी, ते कवचं राहू द्या जी. नवा गोलकीपर येऊन राहिला. त्याचं माप पाठवतो.”

“अन् हे चार?”

“विकून टाका ना कोणाले.”

“कोणाले विकू रे बापा? बाया धानाच्या रोवण्याले घालून जातीन का?”

प्रफुल्ल हसला. ती हसली नाही.

“कापलं होतं मी. कैची लागली की माल तुमचा.”

“ते पवनीत, मावशी. कारखानेवाले परत आलेला माल दुसऱ्या संघाले खपवतात. त्यायच्यापाशी वीस संघ आहेत.”

“अन् माह्यापाशी?”

“तुमच्यापाशी आम्ही आहो ना.”

तिनं एका कवचाची कड उसवून पाहिली. सुईनं फोमची चाळणी केली होती. दुसऱ्या कशाला तो लागणार नव्हता.

नवं माप आलं. तिनं कापड पसरून खडूनं आखलं आणि थांबली.

“कापलं का?” प्रफुल्लनं फोनवर विचारलं.

“अर्धे पैसे येऊ दे. मंग कापतो.”

“संघ असं करत नाही जी. सामना जवळ आला. बाकीचे उधारीवर देऊन राहिले.”

“मंग त्यायचंच घ्या.”

तिला वाटलं, तो विनवील. तो “बरं” म्हणाला. संघानं तयार माल घेतला.

शाळा उघडायच्या सुमाराला जुन्या गिऱ्हाइकांतली कुंताबाई नातीच्या गणवेशाचं कापड घेऊन आली. रत्नमालानं माप घेतलं आणि म्हणाली, “अर्धे आधी देजो बाई.”

“काहून वो? आम्ही का पळून चाललो?” कुंताबाईनं कापड परत पिशवीत घातलं. “असं तर तू कधी बोलली नाही.”

रत्नमालानं एकदा टांगलेल्या चार कवचांकडे पाहिलं आणि मापाची फीत गुंडाळून ठेवली.