शिसवी घोडी
वालीवच्या एका गिटार कारागिराने मला फसवलं, आणि आज सुताराकडे स्पिरिट-पॉलिशचा वास आला तसं माझं डोकं पुन्हा तापलं. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायला मी व्हायोलिनसारख्या फुगीर पोटाची जुनी जॅझ गिटार घासाघीस करून मिळवली होती. तिच्या तारा पेलणारी शिसवी घोडी झिजली होती. कारागीर म्हणाला, "शेट, नवी पितळी बसवतो. मजुरी नको, ही जुनी मला राहू दे." मी वर तारांचा नवा संचही उकळला आणि मनात हसलो. रविवारी वसईतल्या लग्नात पहिला सूर छेडला, तर नवरीचा मामा ओरडला, "काय रे, डालड्याचा डबा वाजवतोस काय?" बँडमास्तरने मला उठवलं आणि माझ्या खुर्चीवर, गिटार घेऊन मांडवात आधीच हजर असलेल्या कारागिराच्या भावाला बसवलं. त्याच्या गिटारवर माझीच घोडी होती, कडेला माझ्या सिगारेटचा डाग असलेली. तो भरदार आवाज ऐकत मी मांडवाबाहेर येरझारा घालत राहिलो. त्या बँडने मला पुन्हा बोलावलं नाही. सौदा मीच केला, मान्य. पण आवाज त्या लाकडात आहे हे ठाऊक असून तो गप्प का बसला, याचं उत्तर त्याने मला समोर येऊन द्यावं.