बांधावरचा खेकडा

माझ्या सासऱ्यांचा माझ्यापेक्षा एका खेकड्यावर जास्त विश्वास होता. खेकडाही खरा नव्हता, टीव्हीतला होता.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. लग्नानंतरचा पहिला आखाड म्हणून माझी बायको शैला माहेरी, उरवड्याला गेली. आखाड संपला, श्रावण लागला, नागपंचमीही झाली, पण तिला परत पाठवायचं मामा, म्हणजे माझे सासरे, नाव काढेनात. मी न्यायला जायचो आणि हात हलवत परत यायचो. (अगदीच हलवत नाही. सासूबाई पिशवीभर तांदूळ द्यायच्या. तांदूळ मिळत होता, बायको मिळत नव्हती!) पुण्यात मला अजिबात करमत नव्हतं.

सगळं माझ्याच तोंडामुळे झालं होतं. लग्न ठरताना बोलायला काही सुचेना, म्हणून मी सहज विचारलं होतं, "मामा, आपली जमीन कुठपर्यंत आहे?" झालं! उरवड्याच्या बाजूला तेव्हा नुकते कारखाने येऊ लागले होते आणि पुण्याहून येणारा प्रत्येक माणूस जमिनीसाठीच येतो, अशी मामांची पक्की खात्री होती. मी विहिरीत डोकावलो तरी ते माझ्याकडे डोळे बारीक करून बघत. बांधावरून फिरलो, तर हा पावलं मोजतोय, अशी शंका. लेक एकदा पुण्यात नांदायला गेली की तिच्यामागोमाग सातबाराही जाणार, हे त्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

आता त्यांना खूश कसं करायचं? पौडच्या बाजारपेठेत दुकान असलेला माझा मित्र सलीम मदतीला धावून आला. त्याच्या भावाने आखातातून टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता. तो त्याने एका रविवारपुरता मला दिला. सलीम खेळताना मी बघितलं होतं, फार सोपं वाटलं होतं. (स्वतः हात लावला नव्हता, ही गोष्ट मला पुढे आठवली.)

रविवारी तो घेऊन मी उरवड्याला पोचलो. मामांनी आधी गेमचा डबा हातात घेऊन हलवला, मग हुंगला. याचं विजेचं बिल कुणाच्या नावावर येतं, ते विचारून घेतलं. टीव्हीवरचं भरतकामाचं कापड काढलं, तारा जोडल्या आणि पडद्यावर पाठीला पिशवी लावलेला एक बुटका माणूस आला. पुढे दोन खड्ड्यांच्या मध्ये एक अरुंद वाट होती आणि तिच्यावर एक खेकडा इकडून तिकडे फेऱ्या मारत होता.

"त्यो पिशवीवाला कोन?" मामांनी विचारलं.

"तो आपला माणूस, मामा."

"आपला म्हंजी कुटला? मला तर मोजणीवाला दिसतोय. आन् खेकडा?"

"तो शत्रू."

"शत्रू कसा? त्यो बिचारा त्याच्या बांधावर फिरतोय. उपरा तर ह्यो हाय."

मी घाईघाईने बटण दाबलं. पिशवीवाला नेमका खेकड्याच्या नांगीवर उतरला आणि उताणा होऊन खड्ड्यात गेला. मामा हसले. लग्नापासून पहिल्यांदा मी त्यांचे दात बघितले.

मग मी इरेलाच पेटलो. पुन्हा गेलो, पुन्हा खड्ड्यात! हळूहळू सगळं घर खेकड्याच्या बाजूला गेलं. ज्या सासूबाईंनी आखाडात टोपलंभर खेकडे रांधले होते, त्या याच्यासाठी हात जोडून बसल्या. माझ्या बाजूची एकटी शैला. ती स्वयंपाकघराच्या दारातून कळवळून सांगायची, "आत्ता! आत्ता मारा उडी!" मी मारायचो आणि थेट नांगीवर पडायचो. घाम फुटला, अंगठा सुजला, खेकडा मात्र शांतपणे फेऱ्या मारतच होता. जावई म्हणून उरलीसुरली अब्रूही त्या खड्ड्यात गेली.

शेवटी मामांनीच उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेने ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

"बास करा, पाव्हणं. ज्याला खेकड्याचा बांध वलांडता येत न्हाई, त्यो माझा काय वलांडनार? म्या उगंच लई दिस जिवाला घोर लावून घेतला." मग आत बघून म्हणाले, "शैले, पिशवी भर."

अपमान गिळून आणि बायको घेऊन मी एसटीत बसलो. सोबत तांदूळही होताच.

गेम सलीमला परत करण्याआधी एकदा तो खेकडा मारायचाच, म्हणून पुण्यात घरमालकांच्या टीव्हीला जोडला. पुन्हा खड्ड्यात गेलो. शैलाने माझ्या हातातून बटणांची डबी घेतली. खेकडा समोर येईपर्यंत ती थांबली, त्याने पाठ फिरवताच तिने टुणकन उडी मारली आणि पिशवीवाला पलीकडे! पुढचा खेकडा, त्याच्या पुढचा, सगळे तिने हसत हसत ओलांडले.

माझ्या डोक्यात हळूहळू काहीतरी शिरायला लागलं. "मग तिकडे मला 'आत्ता, आत्ता' काय सांगत होतीस?"

"तुम्ही तसेही पडणारच होता," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पण चुकून एखादवेळी पलीकडे गेला असतात, तर मी अजून उरवड्यालाच असते. मला यायचं होतं हो."

हे ऐकून मला इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं. पण तेव्हापासून ती कशालाही "आत्ता" म्हणाली की मला दाट संशय येतो. तरीही मी उडी मारतोच. आणि पडतोच.